गोळ्यांनीच झालं

डॉ. नम्रतांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. लेबलवर अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी.

"हे कुठून आणलंत, चाचा?"

"पुतण्या आणतो, कैफ. दुबईला असतो," अहमद म्हणाला. "हाडांच्या गोळ्या. इकडच्यांत तेवढी ताकद नाय."

"बायकोला किती देत होतात?"

"सकाळी एक, रात्री एक."

मोहल्ल्यात या गोळ्यांचं भलतंच प्रस्थ. दुबई-कुवेतहून कोणी सुट्टीवर आला, की अत्तराच्या बाटलीआधी या डब्याची विचारणा. सासूचे गुडघे दुखोत की सुनेची कंबर, द्या गोळी. बायकोची, मासूमाची पाठ धरली तेव्हा अहमदनंही तेच केलं. तिला गोळी गिळवेना, तर तो कुटून दुधात घालू लागला. सारी उमर जहाजावर बावर्ची म्हणून गेलेली, माणसाला खाऊ घालून बरं करायचं एवढंच त्याला ठाऊक. वर नाचणीची आंबील आणि काट्यासकट मांदेली होतीच.

पाठ काही थांबली नाही. मासूमा सारखी पाणी मागू लागली, मग जेवण टाकलं, मग असंबद्ध बोलायला लागली. परवा हाका मारूनही उठेना, तेव्हा कुठे रिक्षात घालून तिला रत्नागिरीला आणलं.

"त्यांच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून ही गुंगी."

अहमदनं डब्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे मीच घातलं."

"नाही. गोळ्या, दूध सगळं बंद करा, पण एवढं वाढायला त्या दोन गोळ्या पुरत नाहीत. मागे त्यांची छातीतली गाठ काढली होती ना? तोच कॅन्सर आता हाडांत उतरलाय. तो हाडं पोखरतोय, आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतंय. पाठ त्यानंच दुखत होती."

अहमद डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोन नाय. चार देत होतो."

"मघाशी दोन म्हणालात."

"कधी सहा पण. दुधात कळत नाय ना."

म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता, आणि नजरही चुकवत नव्हता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"चाचा, सलाइन आणि इंजेक्शननं थोडं उतरलंय. आज त्या बोलतील तुमच्याशी. पण ते परत चढणार. मुंबईला नेलंत तरी चढणार. मी तुम्हाला फसवत नाही."

"गोळ्यांनीच झालं असं म्हणा ना," अहमद म्हणाला. "माझ्या हातनं झालं असेल, तर माझ्या हातनं थांबेल."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. अहमद उठला आणि डबा तिथंच टाकून वॉर्डात गेला.

मासूमा जागी होती. ओठ सुकलेले, पण नजर ठिकाणावर. कितीतरी दिवसांनी तिनं त्याला ओळखलं.

"काय झालंय मला?"

"माझ्या गोळ्यांनी झालं," तो म्हणाला. "जास्त झाल्या. आता बंद केल्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खरं बोलतोय की नाही, ते चाचपत असावी. मग तिचा चेहरा सैल पडला.

"मला वाटलं, ती गाठच परत आली."

"गाठ कसली. काहीतरीच."

"तरी मी म्हणत होते, दुधाला चुन्याची चव येतेय. तुमी कोणाचं ऐकाल तर ना. दर्या दर्या फिरलात, अक्कल तिकडंच कुठं बुडवून आलात. म्हणे हाडांची ताकद. मारलं असतंत ना बायकोला." तिला धाप लागली, पण ती थांबायला तयार नव्हती. शेजारच्या खाटेवरची बाई पदर तोंडाला लावून हसली.

अहमदनं स्टूल ओढून खाटेला लावलं आणि मान खाली घालून बसला.

"बोल," तो म्हणाला. "आणखी बोल."