सीलबंद कक्षा

“बाबा, तुम्ही याला हात लावलात?”

पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत लेकीचा चेहरा होता आणि उरलेल्या पडद्यावर एक करडा चंद्र, त्याच्याभोवती तीन उपग्रह. उपग्रह खेळातले, चंद्रही खेळातलाच. गुरुत्वाकर्षणाचे नियम मात्र खरे. म्हणूनच निवृत्तीनंतर बाबांनी या एका खेळाला मान्यता दिली होती.

“नुसता हात नाही, दुरुस्त केलं,” बाबा म्हणाले. “तुझे उपग्रह सारखे जागा सोडत होते. आता नाही सोडणार.”

तक्रार खरी होती. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला लेकीने एक स्वयंचलित गाडी उतरवली होती. तिच्यापर्यंत आज्ञा पोचायची तर या तीन उपग्रहांनी संदेश चेंडूसारखा झेलून पुढे द्यायचा, आणि त्यासाठी तिघांमध्ये सारखे अंतर हवे. पण त्यांच्या प्रदक्षिणेच्या काळांत थोडा फरक राहिला होता. खेळातले महिने पुढे पळवले की एक उपग्रह दुसऱ्याच्या पाठीवर येऊन बसे आणि गाडी ठार बहिरी होई. मग दर रविवारी सकाळी लेक दुसऱ्या शहरातून फोन लावी, दोघे आपापल्या संगणकासमोर बसत आणि चुकार उपग्रहाला जागेवर आणत.

“मागे पडलाय हा. म्हणजे पुढे न्यायला ब्रेक मारायचा ना, बाबा?” असे ती दर वेळी विचारी.

“ब्रेक मारला की कक्षा खाली येते, खालची फेरी लहान, म्हणून तो पुढे निघतो,” असे बाबा दर वेळी सांगत. सांगता सांगता सकाळ सरे. मध्येच ती साहेबाची नक्कल करी, घरमालकीणबाईंची गाऱ्हाणी सांगे. एकदा तर कोणी न विचारताच म्हणाली होती की तिकडे संध्याकाळ अंगावर येते.

बाबांची उभी हयात प्रयोगशाळेत मापनयंत्रांचे अंशांकन करण्यात गेली होती. तराजू असो की दाबमापक, चूक कुठे आहे ते शोधायचे, ती घालवायची आणि मग जुळवणीच्या स्क्रूवर लाखेचे सील मारायचे, म्हणजे पुन्हा कोणाचा हात लागायला नको. गुरुवारी दुपारी त्यांनी नेमके हेच केले. इंजिनाचा जोर अगदी किमान ठेवून, निखाऱ्यावर फुंकर घालावी तसे हलके धक्के देत त्यांनी तिन्ही प्रदक्षिणाकाळ जुळवले. जुळल्यावर टाक्यांमधले उरलेले इंधन अवकाशात सोडून दिले. आणि दोघांच्या सामाईक फोल्डरातल्या जुन्या फाइलवरच नवी फाइल जतन केली.

“काळ पळव,” ते आता उत्साहाने म्हणाले. “वर्ष पळव. दहा वर्षं पळव!”

तिने पळवली. चंद्र गरगरला, त्याच्याभोवतीचा त्रिकोणही गरगरला. पण केसभर विस्कटला नाही. संदेशाची हिरवी रेष कुठेही तुटली नाही.

“बघितलंस?”

“हो. एकदम चोख.”

“अहो, झाली का तुमची पोरं रांगेत उभी?” स्वयंपाकघरातून आईने विचारले.

“झाली! कायमची!” बाबांनी तिकडे ओरडून सांगितले.

लेक हसली नाही. “इंधन शून्य दिसतंय.”

“मुद्दामच. काम चोख झाल्यावर चुकायची सोय कशाला ठेवायची?”

“आणि जुनी फाइल?”

“तिच्यावरच ठेवली की नवी. दोन प्रती असल्या की घोळ होतो.”

“बाबा, अंतर नाही, काळ जुळवायचा असतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मग जुळवला का नाहीस?”

प्रश्न तोंडातून निघाला तेव्हा तो निव्वळ तांत्रिक होता. मान खाली घालून लेक कपाच्या कानाशी चाळा करत राहिली. तेवढ्या अवधीत बाबांना दर रविवारच्या त्या फोनातच उत्तर सापडले. ब्रेकचा प्रश्नही तिला कधीच पडला नव्हता, हे त्यांना त्याच ओघात कळले.

“आपण दुसऱ्या एखाद्या ग्रहाभोवती नवे सोडू या का?” त्यांनी घाईने विचारले. “या वेळी जरा… जरा इकडेतिकडे ठेवू.”

“चुकीचे? मुद्दाम?” आता मात्र ती किंचित हसली. “तुम्हाला जमणार आहे का, बाबा?”

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. जमणार नव्हते. रविवार उजाडण्याआधीच त्यांचे हात शिवशिवले असते, हे तिला ठाऊक होते आणि त्यांनाही.

“बरं,” ती म्हणाली. “आणखी काय?”

आणखी पुष्कळ होते. तू बरी आहेस ना, एवढे तरी विचारायचे होते. पण असे प्रश्न ते एखाद्या उपग्रहाला ढकलता ढकलता, त्याच्याकडे पाहत विचारत आले होते. आणि आता ढकलण्यासारखे काही उरले नव्हते. तिचा चेहरा चौकटीत तसाच वाट पाहत होता.

“बाकी काही नाही,” बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. “थांब हं, आईला देतो.”