कुंडावरची ओटी

गरम पाण्याचं कुंड म्हटलं की देवी असायचीच, एवढं मुक्ताबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी घरूनच ओटीचं सामान बांधून आणलं होतं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पण वाघोलीच्या पुढं, हायवेलगत उभारलेल्या या वाळवंटात देऊळ काही दिसेना. ट्रकनं आणून पसरलेली वाळू होती, प्लास्टिकची खजुराची झाडं होती, सगळ्याला विटलेला एक उंट होता. मधोमध वाफाळतं कुंड आणि त्यात गळ्याइतक्या पाण्यात बसलेली माणसं.

कुंडाच्या पायरीवर आप्पासाहेब धोतर गुडघ्यावर घेऊन, पाण्यात पाय सोडून बसले होते. त्यांचा खुबा मोडला त्याला सहा महिने झाले होते. आधाराशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, पुन्हा पडलात तर अंथरूण सुटायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून बायकोच्या हाताशिवाय ते मोरीपर्यंतही गेले नव्हते.

"विश्वजीत, देवी कुठं हाय रे?" मुक्ताबाईंनी विचारलं.

मुलगा पाण्यात मित्रांच्या घोळक्यात होता. आठ जणांचं पॅकेज, त्यातले दोघं आयत्या वेळी गळाले, म्हणून आईवडिलांची वर्णी लागली होती. नुसत्या मौजेसाठी आप्पासाहेब घराबाहेर पडले नसते. जागृत देवस्थान आहे असं विश्वजीतनं सांगितल्यावर मात्र ते एका पायावर तयार झाले.

"मागच्या बाजूला जा, आई. हिरवं दार आहे. हे सगळं पाणी तीच तापवते," विश्वजीत म्हणाला.

मित्रांनी तोंडं फिरवली. सूनबाई राजनंदिनी तेवढी "अरे, पुरे ना" म्हणाली, पण हसू तिलाही आवरत नव्हतं.

आप्पासाहेबांनी बसल्या जागेवरून हात जोडले. "माझ्या पायाचं नीट सांग तिला. म्हणावं, पोरांवर भार नको."

हिरव्या दारापाशी मुक्ताबाईंनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आत पाऊल टाकलं. आत भट्टीसारखा उकाडा होता. जाडजूड नळ, एक घरघरणारी टाकी आणि तिच्यासमोर स्टुलावर चष्मा लावून बसलेले एक म्हातारे गृहस्थ. हे दादामियाँ. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढून रिटायर झाले आणि इथं पुन्हा बॉयलरवरच येऊन बसले. मुक्ताबाई टाकीसमोर वाकल्या तसे ते उठले.

"ताई, थांबा. ओटी नका भरू. ही देवी नाही, बॉयलर आहे."

"मग ते कुंडातलं पाणी?"

"बोअरचं. उन्हाळ्यात टँकरचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मघाशी एक साहेब येऊन सांगून गेले. आई येईल, तिला काही बोलू नका, पूजा करू द्या, गुपचूप व्हिडिओ काढा. आपल्याला नाही जमायचं असलं काम."

मुक्ताबाईंना वर बघवेना. पोटच्या पोरानं आपलं माकड केलं, तेही परक्या माणसासमोर, याची लाज त्यांना त्याच्याऐवजी आली. लाज अशीच असते, ज्याची त्याला कधी येत नाही.

"आमच्या ह्यांना कळायला नको," त्या एवढंच म्हणाल्या. "पोरगाच असा वागला म्हटल्यावर खचतील ते."

ओटीचं सामान त्यांनी तिथंच कट्ट्यावर ठेवलं आणि त्या परत आल्या.

आप्पासाहेबांचा चेहरा खुलला होता. तासभर गरम पाण्यात राहून पाय मोकळे झाले होते, सहा महिन्यांत पहिल्यांदा ठणका थांबला होता.

"भरलीस ओटी?"

"भरली."

"कौल मागितलास?"

"मागितला. उजवा दिला."

पाण्यात कुणीतरी फिसकन हसलं. आप्पासाहेबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी बायकोचा हात धरला आणि ते पायरीवर उभे राहिले. गुळगुळीत फरशीवरून पाणी ओघळत होतं.

"सोड आता."

"अहो, घरी गेल्यावर बघू. हितं ओलं हाय."

"देवीनं उजवा कौल दिला म्हणतीस आन् हात धरून ठेवतीस? तुझा विश्वास न्हाई व्हय तिच्यावर?"

मुक्ताबाईंनी मुलाकडं पाहिलं. आप्पा, गंमत केली होती, एवढे चार शब्द त्यानं बोलायचे होते. ते आपण बोललो तर नवऱ्याचा मुलगा जाईल, नाही बोललो तर नवऱ्याचा पाय. विश्वजीतनं ती नजर पाहिली. त्यानं काठावरचा मोबाइल उचलला.

"एक मिनिट थांबा, आप्पा," तो म्हणाला. "हं. आता चाला."

मुक्ताबाईंनी हात सोडला.