चवीचं कलम

"मशीन स्वयंपाकघरात लागू दे. तुम्ही मात्र इथंच बसा, वहिनी," कंपनीचे करारवाले साहेब म्हणाले आणि आत निघालेली सून दारातच थांबली.

एरवी असं नसायचं. साहेब नव्या हंगामाच्या पॉडचे, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या कॉफीच्या इवल्या डब्यांचे, नमुने देऊन जायचे आणि आठवड्याने सासऱ्यांची मंजुरी घेऊन जायचे. पॉडच्या झाकणावर सासऱ्यांचं नाव होतं, शिवाय त्यांचा मिशीवाला चेहरा. ते नाव वापरायचा परवाना कंपनीने घेतला होता. पण सही करताना म्हातारा हट्टाला पेटला आणि त्याने करारात एक कलम घालून घेतलं. चव तो स्वतः पाहणार, तो 'हो' म्हणेल तेव्हाच माल बाजारात जाणार. आणि 'हो' म्हणण्याजोगी कॉफी त्याच्या स्वतःच्या भट्टीतूनच निघायची, हे काय सांगायला हवं? कंपनी मुकाट्याने दाणे इथूनच भाजून नेत होती. त्या एका कलमावर भट्टी चालू होती, आणि भट्टीवर हे घर.

"साहेब, हे नवं मॉडेल आहे," मशीन बसवणारा आतून म्हणाला. "जुनं गोदामात नव्हतं."

"कॉफी काढतं ना? मग झालं तर. आणि कॉफी झाली की मला हाक मार, तू बाहेर येऊ नकोस."

बाजारात दुसऱ्या एका कंपनीचे पॉड आले होते. निम्मी किंमत, वर 'चव तीच' अशी जाहिरात. परवाना नसलेला पॉड अडवायला ही कंपनी मशीन बदलायची, की ती कंपनी पॉड बदलायची. उंदीर-मांजराचा हा खेळ घरी सगळ्यांना पाठ होता.

"आज साधी गोष्ट करायची, काका," साहेब सासऱ्यांना म्हणाले. "एका कपात तुमची कॉफी, दुसऱ्यात त्यांची. तुमची कुठली ते सांगायचं."

सासरे आरामात मान हलवून मोकळे झाले. सून मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिली.

चार वर्षांपूर्वी सासरे मोठ्या तापातून उठले होते. जागरणांनी सुनेचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांच्या कॉफीत तिने साखरेऐवजी मीठ टाकलं. सासऱ्यांनी कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला आणि म्हणाले, "छान झालीय." भांड्यातली उरलेली तिने तोंडाला लावली आणि तशीच थुंकून टाकली. ज्या जिभेवर घर उभं, तीच गेली होती!

तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. तेव्हापासून नमुना आधी ती चाखायची. मग सहज म्हणायची, "यंदा जरा कडवट वाटते, नाही का बाबा?"

"अगदी माझ्या मनातलं बोललीस," सासरे म्हणायचे, आणि मंजुरीत तसंच जायचं. बिचारी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची.

स्वयंपाकघरात मशीन घरघरलं. थांबलं. काहीतरी पीपपीप वाजलं, आणि पुन्हा घरघरलं. हाक आली तसे साहेब स्वतः उठून आत गेले आणि दोन्ही कप घेऊन आले.

सासऱ्यांनी पहिल्यातला घोट घेतला. दुसऱ्यातला घेतला. पुन्हा पहिल्याकडे वळले, मग मिशी पुसली.

"एकच आहेत," ते म्हणाले. "दोन्ही आपल्याच."

साहेबांनी हसू आवरलं. "पुन्हा एकदा बघता का?"

"त्यात बघायचं काय?"

"काका, चूक कुणाचीही होते. पण इतका फरक असून कळू नये? मग इतकी वर्षं मंजुऱ्या दिल्या कशा? हे वर गेलं तर फसवणूक ठरेल."

"हे बघा, तुम्ही आधी..." सासरे बोलायला लागले.

सुनेला राहवलं नाही. या वयात परक्या माणसाने त्यांना लबाड म्हणावं? ती ताडकन उठली.

"त्यांना काही बोलू नका! त्यांची चव तापात गेली. त्यांचा काही दोष नाही. चाखत मी होते, सांगत मी होते."

सासरे कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे फसवणूक तुमची," साहेब शांतपणे म्हणाले. त्यांनी बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. तयारीनेच आले होते. "पण मला वाढवायचं नाही. काकांनी ते कलम सोडलं, की आम्हीही मागचं सोडलं."

"हिच्यावर काही येणार नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"शब्द देतो."

"आधी तेवढं कागदावर लिहा."

साहेबांनी एक ओळ वाढवली. सासऱ्यांनी चष्मा मागितला, ती ओळ दोनदा वाचली.

"सूनबाई म्हणते तर तसंच असेल," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

साहेब खाली गाडीकडे गेले. सून तोंडाला पदर लावून रडू लागली. भट्टी आता महिनाभरही टिकणार नव्हती, आणि हे नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं काही चुकलं नाही, पोरी," एवढंच म्हणाले.

डोळे पुसून ती स्वयंपाकघरात आली. मशीन बसवणारा वायर गुंडाळत होता. त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"वहिनी, साहेबांच्या कानावर घालू नका हं, उगाच माझ्यावर डाफरतील. तो दुसऱ्या कंपनीचा पॉड या नव्या मशीनने घेतलाच नाही, लाल दिवा लावून ठप्प. त्यांना दोन कप हवे होते, म्हणून मी दोन्ही तुमच्याच पॉडचे काढले."