सुरीची मूठ

भांडणात एकाला भोसकल्याची शिक्षा भोगून दीर घरी आला, तेव्हापासून वहिनी भाजीची सुरी पिठाच्या डब्यात लपवायची. त्याला कुणी दारात उभं करेना. शेवटी एका संस्थेनं कामावर घेतलं: टाकलेल्या गाद्या फाडायच्या, कापूस, स्प्रिंगा वेगळ्या काढायच्या. तिथली माणसंही तशीच, नको असलेली. त्याचा विसरलेला जेवणाचा डबा द्यायला ती गेली आणि दारातच थबकली. तिथल्या ताईंनी लांब सुरी त्याच्यापुढे धरली, पातं स्वतःकडे, मूठ त्याच्याकडे. “शिवणीवरून उसव रे, कापड वाया जातं,” म्हणत त्याच्याकडे पाठ करून गादी ओढायला वाकल्या. संध्याकाळी वहिनीनं पिठातून सुरी काढली, मूठ पुढे केली. “भाऊजी, कांदा चिरता?” तीही पाठ करून गॅसकडे वळली. मागून कांदा चिरल्याचा आवाज आला. “वहिनी, पिठात नका ठेवत जाऊ, गंजते.”