न गाळलेला धडा

इंग्लंडातल्या एका विद्यापीठातले इतिहासाचे पहिले प्राध्यापक, पाद्री अँब्रोज पेल, यांना बिशपांनी बोलावून घेतलं.

"रोमच्या लोकांनी जुलमी राजाला हाकललं, असं तुम्ही शिकवता. आपल्या राजेसाहेबांच्या कानावर गेलं तर? तेवढा भाग गाळा."

"तो गाळून मी शिकवणार नाही," पेल म्हणाले.

"मग खेड्यातलं चर्च सांभाळा."

पेल पुस्तकं घेऊन खेड्यात गेले. पहिल्याच रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ते म्हणाले, "ज्यांना रोमचा इतिहास ऐकायचा असेल, त्यांनी थांबावं."

कुणीच उठलं नाही. पेलांनी तोच भाग काढला.

राजाचे जुलूम ऐन रंगात आले असताना एक म्हातारी उठली.

"गाईची धार काढून येते, पाद्रीबाबा. तोवर त्याला हाकलू नका."