मार्चमधलं घर

वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या, खाली ‘जोडलेले’ असंही लिहून येत होतं, आणि तरी काही उघडत नव्हतं.

“परत दाबा, भावोजी,” फोनवरून मेहुणी म्हणाली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. विद्यार्थी चुकला तरी आवाज न चढवण्याची तिला सवय होती.

“दाबलं. पुन्हा तेच. ‘हे ठिकाण सुरक्षित नाही.’”

“नेटवर्क काढून टाकून पुन्हा जोडलंत?”

“जोडलं. पासवर्ड नव्याने घातला. शेजारच्या वहिनींना त्यांचा राउटर बंद करून चालू करायला लावला. त्यांच्या फोनवर सगळं सुरळीत आहे. माझ्याशीच वाकडं आहे त्याचं.”

“तुमच्याशी सरळ कुणाचं आहे?”

एरवी तो हसला असता. बटणांचा जुना फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून तो लॅपटॉपवर वाकला होता. दवाखान्यातून बोलायला चारनंतरची थोडी मिनिटं मिळायची, आणि चार वाजून गेले होते. बायकोच्या खोलीत कुणालाच जाऊ देत नव्हते. आता तिथे व्हिडिओ कॉलसाठी नर्सने दिलेला टॅबलेट मांडीवर घेऊन ती बसली असेल. उद्या सकाळी ऑपरेशन. त्यापुढचं विचारलं की डॉक्टर ‘बघू’ म्हणायचे. काल तिने निरोप धाडला होता: उद्या मला घर दाखवा. पुरं झालेलं असो, नसो.

घर त्याच पडद्यावर होतं, त्या तक्रारीच्या पांढऱ्या पानामागे. जन्मभर त्याने लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, स्वतःची घेणं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर तो एका प्रोग्राममध्ये घर बांधत बसला. बाण पुढे सरकवला की दारातून आत जाता यायचं, वळता यायचं. खिडकीतून ऊनही यायचं, लॅपटॉपची तारीख आणि वेळ पाहून, अगदी हिशोबाने. बायको चहा घेऊन आली की तो झाकण मिटायचा. “पुरं झालं की दाखवतो.” ती गेली की एखादी भिंत वीतभर सरकवायचा.

“भावोजी, झोपलात का? खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय, वाचा.”

त्याने कोपऱ्यात पाहिलं.

“मार्च.”

“अहो, डिसेंबर अर्धा झाला!”

“ठाऊक आहे मला. हा प्रोग्राम महिनाभरच फुकट होता. महिना संपत आला की मी तारीख मागे घेतो.”

“फुकट ते पौष्टिक!” ती हसली, आणि लगेच थांबली. “मग तिथेच घोडं अडलंय. नेटवरचं प्रत्येक ठिकाण आधी आपलं ओळखपत्र दाखवतं, त्यावर तारीख असते. तुमचा लॅपटॉप मार्चमध्ये बसलाय. तो म्हणतो, हे ओळखपत्र अजून व्हायचंय, मी कसं मानू? तारीख आजची करा. लगेच लागेल.”

“मग घर बंद होईल. मुदत संपली हे त्याला एकदा कळलं की पुन्हा उघडत नाही.”

“विकत घ्या की.”

“ते बनवणारेच राहिले नाहीत.”

“बरं, पडद्याचे फोटो तरी...” ती अडखळली. घड्याळ तिच्याकडेही होतं. “भावोजी, ताई वाट बघतेय.”

त्याने पांढरं पान बाजूला केलं. मागे स्वयंपाकघर उघडं होतं. दक्षिणेच्या खिडकीतून आलेलं मार्चमधलं ऊन ओट्याच्या कडेवर थांबलं होतं, रोजच्यासारखं. कितीतरी दुपारी त्याने ते तिथेच पाहिलं होतं.

त्याने तारीख बदलली.

ऊन हललं. ओट्यावरून सावकाश खाली उतरलं, फरशीवर लांबट झालं, उंबरा ओलांडून आतल्या खोलीत गेलं आणि तिथल्या पलंगावर चढलं. तो बघत राहिला. मग मध्ये एक राखाडी चौकट आली, आणि घर मिटलं.

“लागलं का?” मेहुणीने विचारलं.

“लागलं,” तो म्हणाला, आणि फोन खाली ठेवला.

पडद्यावर बायको होती. डोक्याला रुमाल, चेहरा लहान झालेला.

“आलात? मला वाटलं, अजून भिंतच सरकवताय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“चहा देऊन गेले तरी दाराआडून दिसायचं मला. नुसत्या भिंती दिसायच्या. आता आतून दाखवा.”

“ते बंद झालं गं. आत्ताच. पण मी तिथूनच आलोय.”

ती उशीला टेकली. मग त्याने काही सांगायच्या आधीच तिने डोळे मिटले. “मग सांगा.”

“तू दारात उभी आहेस. समोर स्वयंपाकघर. खिडकी दक्षिणेला, ओटा तिच्याखाली.”

“ऊन येतं?”

“मी समजत होतो, ओट्यापर्यंतच येतं. पण हिवाळ्यात सूर्य खाली असतो ना, तेव्हा पार आतल्या खोलीत येतं. पलंगावर. माझं मलाच माहीत नव्हतं.”

तिच्या मागे नर्स येऊन उभी राहिली, पण तिने टॅबलेट मागितला नाही.

“चल आत,” तो म्हणाला.

पांघरुणाखाली तिची पावलं किंचित हलली.

“थांबा हो,” ती डोळे न उघडता म्हणाली. “चपला तरी काढू द्या.”