लॉर्डसाहेबांच्या सह्या

तपासनीस बाईंनी डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलंच पत्र इतका वेळ न्याहाळलं, की दारात उभी असलेली त्या घरची गृहिणी चुळबुळू लागली.

"पाणी आणू?" तिने विचारलं.

"कागदांजवळ काही नको," बाई मान वर न करता म्हणाल्या.

नवरा मात्र खुर्चीच्या टोकावर नवरदेवासारखा नटून बसला होता. इंग्लंडातल्या लॉर्ड आणि लेडी लोकांची सहीची पत्रं आणि फोटो जमवायचा त्याला भारी नाद. गल्लीत सगळे त्याला लॉर्डसाहेबच म्हणत, निम्मे कौतुकाने, निम्मे टवाळीने. आता शहरातलं संग्रहालय त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवणार होतं. सह्या खऱ्या आहेत, एवढं बाईंनी म्हणायचा अवकाश.

आणि त्या खऱ्या नव्हत्या. घरात हे फक्त तिला ठाऊक होतं.

सुरुवातीची कित्येक वर्षं त्याच्या पत्रांना कुणी उत्तरच दिलं नव्हतं. बिचारा एकेक पत्र मोत्यासारख्या अक्षरात हाताने लिहायचा. टाइप केलेली विनंती म्हणजे उद्धटपणा, असं त्याचं म्हणणं. मग पोस्टमनकडे डोळे लावून बसायचं. पोस्टमन शेजारच्यांची वीजबिलं टाकून पुढे जायचा. हळूहळू तो जेवताना बोलेनासा झाला, आणि तिला ते बघवेना.

तिचा टायपिंगचा क्लास होता. इंग्रजी पत्र लिहिण्यात तिचा हात कुणी धरला नसता. नवरा कामावर गेला की तिने लॉर्डांच्या वतीने उत्तरं टाइप करायला घेतली आणि इंग्लंडात राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे धाडली. फोटो धाकटीने तिथे मिळवायचा, दोन्हींवर सही धाकटीने ठोकायची आणि पाकीट तिथल्याच पेटीत टाकायचं. पहिलं पाकीट आलं तेव्हा नवऱ्याने ते उघडण्याआधी हात धुतले होते.

त्यात धाकटीचं नाव घरात काढायची सोय नव्हती. एकदा सुट्टीवर आली असताना ती भर पंक्तीत हसून म्हणाली होती, "भाऊजी, त्या लोकांना तुमची काय पडलीये?" तेव्हापासून नवरा तिचा आवाज ऐकला तरी फोन ठेवून द्यायचा. बिंग फुटलं तर त्याचं आयुष्यभराचं सुख मातीमोल होणारच होतं, वर ते धाकटीच्या हातचं होतं हेही कळणार होतं. तो दोघींनाही कधी माफ करील असं तिला वाटत नव्हतं.

बाईंनी तिसरं पत्र पहिल्याशेजारी ठेवलं. मग चौथं.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "माणसं वेगळी, गावं वेगळी, आणि टाइपरायटर एकच. हे बघा, हे अक्षर सगळीकडे ओळीच्या वर उडी मारतंय."

ते यंत्र मागच्या खोलीत, धुवट चादरीखाली होतं.

"एकाच कंपनीचं असेल हो," नवरा म्हणाला. "मोठ्या लोकांचं सगळं एका दुकानातून येतं."

"कंपनी एक असली तरी खोड एक नसते, साहेब."

नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याने तिच्याकडे पाहिलं. लहान मूल परीक्षेचा निकाल ऐकताना आईकडे बघतं तसं. तिच्याने राहवेना. परक्या बाईच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडून ऐकलेलं बरं, असं तिने ठरवलं आणि ती पुढे झाली.

"बाई, मला जरा बोलायचंय."

"एक मिनिट." बाईंनी पिशवीतून संग्रहालयातले नमुने काढले. खात्रीच्या सह्या होत्या त्या. एकेक नमुना सहीशेजारी धरून त्या पुन्हा भिंगात शिरल्या. नवरा घाम पुसत राहिला. ती पदराचं टोक पिळत उभी होती.

अखेर बाईंनी भिंग मिटलं.

"टाइपरायटरचं कोडं काही मला सुटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण सह्या अस्सल आहेत. पत्रांवरच्याही आणि फोटोंवरच्याही. कुठेही शपथेवर सांगेन. अभिनंदन, साहेब."

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो चक्क रडला. बाई त्याला प्रदर्शनाची तारीख सांगू लागल्या.

तिला आनंद झाला, पण त्याहून जास्त धसका बसला. धाकटीचा हात इतका तयार? आता हे काचेच्या पेटीत लागणार, वर्तमानपत्रात छापून येणार, आणि उद्या बाईंहून हुशार कुणी भेटला तर दोघींना खडी फोडायला जावं लागणार. ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि धाकटीला फोन लावला.

"अगं, तू त्या सह्या गिरवल्यास तरी कशावरून?" ती कुजबुजली. "नमुन्यांशी ताडून बघितल्या तरी बाईंना काही सापडलं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. खरं काय ते सांग."

पलीकडे धाकटीने आवाज खाली आणला.

"ताई, रागावणार नाहीस ना?"

"बोल तू आधी."

"मी एकही सही केली नाही गं. मला जमेचना. मग सुट्टीच्या दिवशी बस पकडायची, तुझा कागद आणि फोटो घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन बसायचं, आणि माझ्या भाऊजींसाठी एवढी सही करा म्हणून त्यांच्या हातापाया पडायचं."